गर्दीसकट गाणं

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याला गाडगेबाबांनी कीर्तन केलं. ते त्यांचं शेवटचं कीर्तन ठरलं. २० डिसेंबरला अमरावतीजवळ वलगावला त्यांचं निधन झालं. सुदैवानं या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण झालं, टिकलं, आणि आज ते कुणालाही मोबाइलवर ऐकता येतं. बाबांची चरित्रं निघाली, त्यांच्यावर सिनेमा निघाला. पण बाबा लोकांशी नेमके कसे बोलत, हे कळायला त्या जुन्या ध्वनिफितीसारखं दुसरं साधन नाही. बाबा प्रश्न टाकतात आणि समोरचा जमाव उत्तर देतो. त्या उत्तरालाच धरून बाबा पुढचा प्रश्न काढतात. मधेच गोपालाचा गजर होतो, पुन्हा प्रश्न. जमाव गप्प राहिला असता तर बाबांची निम्मी वाक्यं अर्धीच राहिली असती. त्या ध्वनिफितीवर दोन कलाकार आहेत, आणि त्यातला दुसरा म्हणजे समोर बसलेली माणसं.

संगीताच्या बाजारात अशा मुद्रणाला ‘लाइव्ह अल्बम’ म्हणतात. स्टुडिओत बंद खोलीत, चुका सुधारत, पुन्हा पुन्हा गाऊन केलेला अल्बम एका बाजूला, आणि लोकांसमोर एकदाच घडलेलं गाणं जसंच्या तसं पकडणारा हा प्रकार दुसऱ्या बाजूला. अमेरिकेतल्या फोक आणि ब्लूज गाणाऱ्या गिटारवाल्यांची खरी ओळख अनेकदा या दुसऱ्या प्रकारातच सापडते. या प्रकरणात त्यांच्यापैकी दोघा-तिघांना भेटू. पण मुक्काम आपला वर्धा जिल्ह्यातच आहे. या जिल्ह्यात आणि आसपासच्या मुलखात गाणं आजही गर्दीसमोरच घडतं, आणि गर्दीसकट ते फार कमी वेळा नोंदलं गेलं आहे.

आधी मिसिसिपी. जॉन हर्ट हा तिथल्या अ‍ॅव्हलॉन नावाच्या लहानशा वस्तीतला काळा शेतमजूर. १९२८ साली ओके कंपनीनं त्याच्या काही तबकड्या काढल्या. तेव्हाच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास गाणं बसायचं, म्हणून त्याची गाणीही तीन मिनिटांची झाली. तबकड्या फारशा खपल्या नाहीत, पुढं मंदी आली, आणि हर्ट गावी परतून शेतात राबू लागला. पस्तीस वर्षं त्याला कुणी विचारलं नाही. १९६३ साली टॉम हॉस्किन्स नावाच्या एका तरुण गोऱ्या रसिकानं त्याच्या जुन्या गाण्यात आलेल्या गावाच्या नावावरून ते गाव नकाशात हुडकलं आणि थेट त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. हर्टला आधी वाटलं, हा पोलीस खात्याचाच माणूस असणार, अशी आठवण सांगतात. सत्तरीचा तो म्हातारा त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारो लोकांसमोर गायला. १९६६ साली तो वारला. म्हणजे त्याच्या वाट्याला कौतुकाची जेमतेम तीन वर्षं आली.

एप्रिल १९६५ मध्ये ओहायोतल्या ओबरलिन कॉलेजात त्याचा कार्यक्रम झाला आणि तो मुद्रित झाला. पुढं कंपनीनं तो काढला तेव्हा मुखपृष्ठावर ‘सर्वोत्तम जॉन हर्ट’ अशा अर्थाचं नाव घातलं. घेणाऱ्याला वाटावं, निवडक जुन्या गाण्यांचा संग्रह असेल. प्रत्यक्षात ती एका संध्याकाळची अख्खी मैफल आहे. एक माणूस, एक गिटार. अंगठा खालच्या जाड तारांवर संथ, न चुकता ठेका धरतो आणि बाकीची बोटं वरच्या तारांवर चाल वाजवतात. डोळे मिटून ऐकलं तर दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं. आवाज इतका मऊ की लोकांना कान देऊन ऐकावं लागतं. १९२८ च्या तबकड्यांवरचा हर्ट आणि हा हर्ट यांतला फरक आवाजाच्या वयाचा थोडा आहे, समोर बसलेल्या माणसांचा जास्त. तबकडीवर तो यंत्रासमोर गात होता, इथं माणसांसमोर गातो आहे.

हे शक्य झालं ते दोन शोधांमुळं. महायुद्धानंतर चुंबकीय फीत सर्रास वापरात आली, त्यामुळं अख्खा कार्यक्रम न थांबता मुद्रित करता येऊ लागला. आणि १९४८ साली एलपी तबकडी बाजारात आली, तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागलं. तीन मिनिटांची कात्री गेली.

आता वर्ध्याकडं वळू. मिसिसिपी आणि वर्धा यांचं एक जुनं, सरळ व्यापारी नातं आहे. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा काढला गेला. त्या वेळी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली होती आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. इंग्रज सरकारची नजर हिंगणघाटच्या कापसाकडं गेली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात खास कापसासाठी रिव्हेट-कार्नॅक हा कमिशनर नेमला गेला. १८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. पण तोवर युद्ध संपून दोन वर्षं झाली होती आणि भाव कोसळले होते. मिसिसिपीत गुलामी कायद्यानं संपली, पण कापूस पिकवणारा बटाईदार मालकाच्या दुकानातल्या उधारीत अडकला. इकडं काळ्या मातीतला शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला.

म्हणून दोन्हीकडची गाणी सारखी, असं म्हणायचा मोह होतो. तो टाळलेला बरा. कापूस पिकतो म्हणून ब्लूज पिकत नाही. ब्लूज गाणारा बहुधा स्वतःचं दुःख सांगतो: बाई सोडून गेली, मालकानं हाकललं, गाडी निघून गेली. आपल्याकडचा खंजिरीवाला गावाला सांगतो: दारू सोडा, शाळा काढा, विहीर सगळ्यांना खुली करा. सूर वेगळे, रागही वेगळा. सारखेपणा आहे तो मांडणीत. दोघांकडंही हातात मावेल एवढं एकच वाद्य आहे. समोर जे बसलेत त्यांच्यावाचून दोघांचंही भागत नाही. आणि दोघांचीही कला शेतात राबणाऱ्या माणसांनी, वाद्यवृंदाचा खर्च न परवडता उभी केलेली आहे.

खंजिरी म्हणजे लाकडी गोल कडं, एका बाजूनं कातडं ताणलेलं, कड्याच्या खाचांत छोट्या झांजा. डाव्या हातात धरायची, उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायची. कातड्यावर ठेका पडतो आणि झांजा आपोआप साथ करतात. हर्टच्या अंगठ्यानं जे काम केलं तेच इथं. विदर्भात हे वाद्य घरोघरी पोचलं ते तुकडोजी महाराजांमुळं. ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेले माणिक बंडोजी इंगळे म्हणजेच तुकडोजी महाराज. मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत त्यांनी हजारो भजनं रचली. १९३५ साली मोझरीला त्यांचा गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तुकडोजी महाराज त्यांच्या बोलावण्यावरून तिथं जाऊन सुमारे महिनाभर राहिले. आश्रमाच्या प्रार्थनेत त्यांची भजनं झाली. तिथं मुद्रणाचं यंत्र नव्हतं. असतं तर हिंदुस्थानातला एक मोलाचा लाइव्ह अल्बम वर्धा जिल्ह्याच्या नावावर राहिला असता.

यंत्र कुणाच्या दारात जातं, हा प्रश्न संगीताच्या इतिहासात फार मोठा आहे. १९४१ च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅलन लोमॅक्स हा संशोधक मिसिसिपीतल्या स्टोव्हल मळ्यावर गेला. फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क हे कृष्णवर्णीय संगीतज्ञ त्याच्याबरोबर होते. गाडीत तबकड्या कोरायचं यंत्र, आणि हे सगळं अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी. तिथं त्यांनी एका तरुण मजुराला त्याच्याच घरी बसवून गायला लावलं. त्याचं नाव मॅककिन्ली मॉर्गनफील्ड, लोक त्याला मडी वॉटर्स म्हणत. आपलाच आवाज यंत्रातून परत ऐकल्यावर त्याला पहिल्यांदा खात्री पटली की आपण तबकडीवरच्या गायकांपेक्षा कमी नाही. १९४२ च्या उन्हाळ्यात लोमॅक्सनं पुन्हा त्याचं मुद्रण केलं. पुढच्याच वर्षी मडी वॉटर्स मळा सोडून शिकागोला गेला आणि गिटारला वीज जोडून ब्लूजचा चेहराच बदलला.

१९४२ च्या त्याच उन्हाळ्यानंतरचे आपल्याकडचे दिवस आठवा. १६ ऑगस्टला वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत आणि चांदा जिल्ह्यातल्या चिमुरात लोक रस्त्यावर उतरले. पोलीस ठाण्यावर चाल झाली, गोळीबार झाला, माणसं मेली. आष्टीच्या नावापुढं आज ‘शहीद’ लागतं ते यामुळं. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी हा मुलूख पेटवला, असं तिथली माणसं आजही सांगतात आणि इंग्रज सरकारचंही मत तेच होतं. महिनाअखेरीस सरकारनं महाराजांना चांद्याला पकडलं आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. डिसेंबरात त्यांची सुटका झाली. तिकडं एका सरकारच्या ग्रंथालयानं गाणाऱ्याच्या दारात यंत्र पाठवलं, इकडं दुसऱ्या सरकारनं पोलीस पाठवले. ज्या भजनांना सरकार भ्यालं, ती त्या दिवसांत गावकऱ्यांसमोर कशी म्हटली गेली, किती वेगानं, कुठं थांबून, लोकांनी कुठं उचलून धरली, हे आपल्याला छापील शब्दांवरून कळणार नाही. महाराजांच्या पुढच्या काळातल्या आवाजाची मुद्रणं मिळतात, ती ऐकावीत. पण १९४२ चा तो आवाज गेला तो गेलाच.

भजन गर्दीशिवाय का अपुरं राहतं, ते त्याच्या रचनेतच आहे. म्होरक्या ध्रुपद म्हणतो, झीलकरी ते उचलतात. अंतरा एकट्याचा, ध्रुपद पुन्हा सगळ्यांचं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला श्रोतेही झीलकऱ्यांत सामील होतात, लय चढते, खंजिरी दुप्पट होते. किती वेळा ध्रुपद फिरवायचं हे कागदावर लिहिलेलं नसतं, ते समोरच्यांचे चेहरे पाहून ठरतं. ब्लूजमध्ये एक ओळ म्हणतात, तीच पुन्हा म्हणतात, मग तिला उत्तर देणारी तिसरी येते. दुसऱ्यांदा म्हटलेली ओळ ही खरं तर श्रोत्यांसाठी सोडलेली जागा असते. ती जागा स्टुडिओत रिकामी राहते. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगचा १९६४ साली शिकागोच्या रीगल थिएटरात मुद्रित झालेला अल्बम ऐका. गिटारची एक लांब तार ओढली की बायकांचा जो ओरडा उठतो, तो काढून टाकला तर पुढची तार तशी वाजलीच नसती, हे कानाला लगेच कळतं.

आपल्याकडं कॅसेटच्या काळात, म्हणजे १९८० च्या दशकापासून, भजनांच्या ढीगभर कॅसेट निघाल्या. बहुतेक स्टुडिओत केलेल्या. खंजिरी मागं ढकललेली, तिच्या जागी की-बोर्ड, झीलकऱ्यांच्या जागी शहरातले चार सुरेल गायक. सूर चोख. भजन मात्र मेलेलं. माझं मत कडक वाटेल, पण या कॅसेटनी विदर्भातल्या भजनाची जेवढी नक्कल पसरवली तेवढीच मूळ चाल पुसली. जत्रेत लाउडस्पीकरवर तीच वाजायची, मग मंडळंही तशीच म्हणू लागली. १९४८ साली सुरू झालेल्या आकाशवाणीच्या नागपूर केंद्रानं वैदर्भीय कलावंतांना हक्काची जागा दिली, हे ऋण मोठं आहे. पण स्टुडिओ तो स्टुडिओच, तिथं टाळी वाजवायला कुणी नसतं.

याला एक ठसठशीत अपवाद म्हणजे अकोटकडचे सत्यपाल महाराज. एकाच वेळी सात खंजिऱ्या मांडून वाजवणारे हे कीर्तनकार गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज दोघांचा वारसा सांगतात. हुंडा, व्यसन, बुवाबाजी यांच्यावर वऱ्हाडी बोलीत घाव घालत, मधेच एखाद्याला उठवून प्रश्न विचारत ते बोलतात. त्यांची कीर्तनं लोकांपर्यंत पोचली ती कार्यक्रमाच्या मुद्रणांतूनच. मंडपाचा आवाज, पोरांचा कालवा, हशा, सगळं त्यात आहे. कुणी त्याला अल्बम म्हटलं नाही, एवढंच.

लाइव्ह म्हणून जे विकलं जातं ते सगळं खरं असतं असंही नाही. अमेरिकी गायक जॉनी कॅशचा फोल्सम तुरुंगातला अल्बम १३ जानेवारी १९६८ रोजी कैद्यांसमोर मुद्रित झाला आणि जगभर गाजला. खुनाच्या एका उल्लेखानंतर कैदी आनंदानं आरोळी ठोकतात, ती ऐकून अंगावर काटा येतो. ती आरोळी नंतर स्टुडिओत जोडलेली आहे. त्या क्षणी पहाऱ्याखालचे कैदी गप्प होते. खरी शांतता विकायला अवघड, म्हणून खोटी आरोळी घातली. याच्या उलट उदाहरण न्यूपोर्टचं. १९६० सालच्या तिथल्या जॅझ महोत्सवात बाहेर दंगल झाली आणि कार्यक्रम गुंडाळायचं ठरलं. रविवारी, ३ जुलैला, मडी वॉटर्स आणि त्याचा संच मंचावर होता. कवी लँग्स्टन ह्यूज यांनी महोत्सवाला निरोप देणारं एक ब्लूज गीत जागच्या जागी लिहिलं आणि पियानोवादक ओटिस स्पॅननं ते तिथंच गायलं. ते अल्बममध्ये आहे. असं गाणं दुसऱ्या कुठल्या दिवशी होऊच शकलं नसतं.

जागच्या जागी गाणं रचायची ही रीत वर्धा जिल्ह्याला अनोळखी नाही. पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की झडत्या सुरू होतात. एक जण झडती म्हणतो, सगळे महादेवाचा गजर करतात, लगेच दुसरा त्याला वरचढ झडती घालतो. कापसाचे पडलेले भाव, सोसायटीचं कर्ज, निवडणुकीला उभा राहिलेला गावातलाच पुढारी, कुणी सुटत नाही. त्या वर्षीची झडती पुढच्या वर्षी शिळी होते. दुसऱ्या दिवशी लाकडी बैलांचा तान्हा पोळा असतो आणि सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर दूरवर नावाजलेला आहे. झडत्यांचे काही संग्रह छापले गेलेत, पण छापल्यावर उरतात ते फक्त शब्द. हशा कुठं पडला ते पुस्तकात येत नाही.

महाराष्ट्रात लोकगाण्यांची एक मोठी नोंद झाली आहे ती जात्यावरच्या ओव्यांची. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी पुण्याहून सुरू केलेल्या कामात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. आधी शब्द उतरवले गेले, मग १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं आवाज मुद्रित होऊ लागले. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या शब्दांसकट आणि आवाजासकट ऐकायला मिळतात. गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव प्रत्येक ओवीबरोबर दिलेलं असतं. खंजिरी भजन, दंडार, भुलाबाईची गाणी, झडत्या यांच्या वाट्याला असं काम यायला हवं. वर्ध्यात विद्यापीठ आहे, सेवाग्रामला जगभरातून माणसं येतात, गावोगावी तुकडोजी महाराजांची गुरुदेव सेवा मंडळं आणि खंजिरी भजन स्पर्धा आहेत. सामग्री भरपूर आहे.

विद्यापीठांची वाट पाहत बसायचं कारणही नाही. लोमॅक्सच्या गाडीतल्या जड यंत्रापेक्षा चांगलं यंत्र आज प्रत्येकाच्या खिशात आहे. फक्त ते वापरायची पद्धत चुकते. फोन लाउडस्पीकरच्या तोंडाशी धरला तर टाळ-झांजांचा आवाज फाटतो आणि शब्द बुडतात. गाणाऱ्यापासून दहा-बारा फुटांवर, श्रोत्यांच्या पहिल्या दोन रांगांत, स्पीकरच्या आडबाजूला तो ठेवावा. शक्य तर दुसरा फोन गर्दीच्या मधोमध ठेवावा, झील तिथं नीट येते. सुरुवातीलाच मोठ्यानं बोलून घ्यावं: तारीख, गाव, प्रसंग, मंडळ आणि गाणाऱ्यांची नावं. गाणाऱ्यांना आधी विचारावं आणि मुद्रणाची प्रत त्यांना द्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली फाइल मूळ समजू नये, तिच्यातला बारीक तपशील अनेकदा दाबला गेलेला असतो. मूळ फाइल वेगळी जपावी, दोन ठिकाणी.

आणि एक विनंती. पुढच्या पोळ्याला तोरणाखाली उभे असाल तर झडती संपली की लगेच फोन बंद करू नका. मागून येणारा गजर, हशा, कुणीतरी दिलेलं उलट उत्तर, सगळं येऊ द्या.